घरकुलात देव बसवले

घर एकीचं आणि संसार दुसरीचा, हा प्रकार नाशकात कोणाला नवा नाही. सरकार गरिबाला घर देतं ते गावाच्या अशा टोकाला, की तिथून गरिबाला पोट भरायला जाता येत नाही. मग तो ते घर दुसऱ्या गरिबाला भाड्याने देतो आणि आपण जुन्या जागी जाऊन तिसऱ्याच्या पत्र्याखाली भाडं भरत बसतो. यात कोणाचं भलं झालं ते ब्रह्मदेवालाच विचारावं.

ठमाबाई आणि दीपमालाचं असंच होतं. ठमाबाई पंचवटीत फुलं विकायची. नदीकाठची तिची झोपडी उठवून तिला अंबडच्या मागच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर घरकुल दिलं. घर चांगलं होतं, नळ होता, संडास आत होता. पण भल्या पहाटे फुलबाजार गाठायला तिथून बस नव्हती. महिनाभर तिने रिक्षावाल्यांची भर केली आणि मग मुलगा गोरक्ष, सून आणि नातवंडं यांच्यासह ती पुन्हा पंचवटीत एका खोलीत जाऊन राहिली. घरकुलात आली येवल्याकडची दीपमाला, तिचा नवरा संतोष आणि शाळेत जाणारी वेदिका. संतोष अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे होता. दीपमाला घरी साड्यांना फॉल-पिको करायची.

त्याआधी ते इंदिरानगरात भाड्याने राहत. तिथे दर अकरा महिन्यांनी करार संपायचा आणि दर अकरा महिन्यांनी मालकाला नवीन भाडं सुचायचं. वेदिकाची शाळा दोनदा बदलली. ठमाबाईने मात्र कधी करार केला नाही आणि भाडंही वाढवलं नाही. करार होणारच नव्हता म्हणा, कारण घरकुल भाड्याने द्यायला बंदी. सगळा व्यवहार तोंडी, सगळा भरवशावर. दीपमालाला तो भरवसा कागदापेक्षा पक्का वाटायचा. माणूस एकदा सुखाला लागला की त्याला असं वाटतंच.

मग एक दिवस पहिल्या मजल्यावरच्या लताबाई जिना चढून वर आल्या. लताबाई म्हणजे वसाहतीचा चालताबोलता नोटीस बोर्डच. त्यांनी सांगितलं, की घराघरांत तपासणी सुरू झाली आहे. ज्याच्या नावावर घर तोच राहतो का, हे बघतात. पलीकडच्या इमारतीत दोन घरांना सील लागलं. सामान जिन्यात आणि भाडेकरू रस्त्यावर.

"अन् मालक?" दीपमालाने विचारलं.

"मालकाचं घर काढून घेणार म्हणे. ते पुढचं पुढं. भाडेकरू मात्र त्याच दिवशी बाहेर."

दीपमालाने मशीन तसंच सोडलं आणि दुपारच्या बसने पंचवटी गाठली. ठमाबाई देवळाच्या वाटेवर टोपली पुढे घेऊन शेवंतीच्या वेण्या करत बसली होती. ऐकून तिचे हात थांबले.

"आता गं?"

"आता तुम्ही माझ्यासोबत यायचं मावशी. तपासणी होईस्तोवर राहायचं. तपासणीला कोणी आलं की म्हणायचं, मी इथंच राहते. मी तुमची भाची, चार दिवस पाहुणी आलेय."

"मला खोटं बोलता येत नाय पोरी. माझं तोंडच सांगतं."

"खोटं कुठंय? घर तुमचंच आहे की."

हे तिला बरोबर सुचलं. ठमाबाईला पटलं. सुनेवर टोपली सोपवून, एका पिशवीत दोन लुगडी घालून ती दुसऱ्याच दिवशी आली आणि स्वतःच्या घराच्या दारात येऊन "येऊ का गं?" असं विचारून उभी राहिली. दीपमालाने कपाळावर हात मारला.

तेव्हापासून शिकवणी सुरू झाली. दीपमालाने ठमाबाईला घर दाखवलं. मोरीचा नळ कुठल्या बाजूला फिरवला की पाणी येतं, शेगडीचा कुठला बर्नर दगाबाज आहे, मिठाचा डबा कुठला, साखरेचा कुठला, समोर कोण राहतं आणि त्यांच्याशी बोलणं आहे की अबोला. ठमाबाई अंग चोरून भिंतीला टेकायची, पाणी मागून प्यायची, जेवल्यावर ताट कुठे ठेवू म्हणून विचारायची. "मावशी, विचारायचं नाही," दीपमाला पुनःपुन्हा सांगायची. "घरधनीण विचारत नाही. उठायचं आणि घ्यायचं." संतोष कामावरून आला की जावयासारखा संकोचून बाहेरच्या गॅलरीत बसायचा. वेदिकाला सक्त ताकीद होती, की कोणी विचारलं तर आजीला आजी म्हणायचं आणि बाकी तोंड बंद ठेवायचं.

जिन्यात कोणाचीही चप्पल वाजली की दीपमालाचा जीव खालीवर व्हायचा. दूधवाला आला तरी ती ठमाबाईला डोळ्यांनी खुणावायची आणि ठमाबाई खाटेवरून उठून घाईघाईने मध्येच उभी राहायची, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखी.

त्यात लताबाई नवीन बातमी घेऊन आल्या. तपासणीच्या बाई निफाडकडच्या आहेत, कुणब्याच्या घरातल्या, त्यांना सगळी रीत ठाऊक आहे. मागच्या इमारतीत एक म्हातारा मालक आयत्या वेळी येऊन बसला होता. सगळी उत्तरं त्याने चोख दिली. शेवटी बाईंनी विचारलं, बाबा, तुमचे टाक कुठे आहेत? म्हातारा म्हणाला, ते घरी आहेत. झालं, घराला सील लागलं.

टाक म्हणजे घरच्या देवांचे चांदीचे लहान पत्रे. खंडोबा, देवी, आणि अवचित मरण आलेला घरातला कोणी पुरुष, त्याचा वीर. ते ज्याच्या घरी थोरलेपण त्याच्या घरी राहतात, आणि माणूस जिथे खरा राहतो तिथेच देव राहतात. दीपमालाकडे टाक नव्हते. ते येवल्याला थोरल्या दिराकडे. तिच्याकडे सप्तशृंगीची तसबीर होती, ती प्रत्येक घरात मांडायची आणि घर सोडताना उचलून घ्यायची. ठमाबाईकडे मात्र टाक होते, आणि ते पंचवटीच्या खोलीत एका फळीवर होते.

"ते आणावे लागतील," दीपमाला म्हणाली.

ठमाबाईचा चेहरा उतरला. "देव काय भाजी हाय का, पिशवीत घालून हिंडवायला?"

"चार दिवसांसाठी मावशी."

"चार दिवसांसाठी देव बसत नाय. आणायचे तर रीतीनं आणायचे. दूध उतू घालायचं, नारळ फोडायचा, पुरणाचा निवद दाखवायचा. उगं कुणाला दाखवायला मांडले तर भोगावं लागंल. माझ्या सासऱ्याचा वीर हाय त्यात. लय कडक हाय."

"मग रीतीनं आणू," दीपमाला म्हणाली. "पुरण मी घालते."

संतोषने रात्री जेवताना हळूच म्हटलं, "हे जरा जास्त होतंय, दीपा."

"घरावर सील लागलं म्हणजे मग कमी होईल," तिने त्याला गप्प केलं. तिला त्या वेळी दुसरं काही दिसतच नव्हतं. वेदिकाची ही शाळा आता बदलायची नाही, एवढा एकच खिळा तिच्या डोक्यात ठोकलेला होता.

दुसऱ्या दिवशी गोरक्षने स्कूटरवरून टाक आणले, लाल कापडात, छातीशी बांधून. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यातून दीपमालाने आपली तसबीर उतरवली, साडीत गुंडाळली आणि पेटीत ठेवली. तो कोनाडा तिने स्वतः धुतला. दूध शेगडीवर उतू गेलं, नारळ फुटला, पुरणपोळीचा निवद झाला. ठमाबाईने टाक एकेक करून मांडले आणि हात जोडले तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दीपमालाला ते पाहून बरं वाटलं. हिचं नाटक आता पक्कं होईल, असं तिच्या मनात आलं. देवापुढे उभं राहून मनात असं यावं याची तिला लाजही वाटली नाही.

तपासणीच्या बाई आल्या त्या नेमक्या दुपारी, वेदिका शाळेत असताना. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, आणि दमलेला पण चौकस चेहरा. दारात चप्पल न काढताच त्या आत आल्या आणि खोलीभर नजर फिरवली.

"ठमाबाई कोण?"

"मी," ठमाबाई म्हणाली. आवाज अगदी बारीक निघाला.

"इथेच राहता?"

"व्हय. घर माझं हाय."

"या कोण?"

"माझी भाची. येवल्याची."

बाईंनी मान डोलावली आणि पाणी मागितलं. दीपमाला सवयीने उठायला गेली आणि अर्ध्यावरच थांबली. ठमाबाई उठली, मोरीत गेली. आत भांड्यांचा आवाज बराच वेळ होत राहिला. दीपमाला जमिनीवरच्या फरशीकडे बघत राहिली. शेवटी ठमाबाई तांब्या घेऊन आली, आणि तो पिण्याच्या पाण्याचाच तांब्या होता.

तेवढ्यात बाईंची नजर भिंतीवरच्या खिळ्यावर गेली. वेदिकाचं जुनं दप्तर तिथे लटकत होतं. सगळं आवरलं होतं, हेच राहिलं होतं.

"हे कोणाचं?"

"नातीचं," ठमाबाई म्हणाली.

"कितवीत आहे?"

ठमाबाईने तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. सगळं शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं. दीपमाला मध्ये बोलली असती तर तिथेच खेळ संपला असता. न बोलली तरी संपतच होता. बाई शांतपणे वाट पाहत राहिल्या.

"शिकली नाय ना मी, मॅडम," ठमाबाई शेवटी म्हणाली. "कितवी ते माझ्या ध्यानात नाय राहत. ती दप्तर घेऊन जाती, एवढं कळतं."

हे खरंच होतं. म्हणून ते तोंडावर दिसलं असावं. पण बाईंचं समाधान झालं नव्हतं. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. कोनाड्यापुढे थांबल्या. समईची वात जळत होती, टाकांवर ताजी शेवंती होती.

"तुमचे टाक?"

आणि तिथे ठमाबाई बदलली. इतके दिवस भिंतीला चिकटणारी म्हातारी कोनाड्यापुढे ताठ उभी राहिली आणि कोणी न विचारता सांगू लागली. हा खंडोबा, जेजुरीहून उजळून आणलेला. ही देवी. हा बहिरोबा. आणि हा माझा सासरा, पुरात लोकांची गुरं सोडायला गेला तो आलाच नाय, म्हणून त्याचा वीर बसवला. नदीकाठची झोपडी उठवली तेव्हा मी आधी यांना उचललं, मग भांडीकुंडी. तेव्हापासून यांना नीट जागा नव्हती. फळीवर होते, बया, फळीवर, खाली लोकांच्या चपला. इथं आता बसले.

बाईंनी मागे जाऊन चप्पल दारात काढली, पुन्हा आत आल्या आणि वाकून नमस्कार केला. मग ठमाबाईला कोनाड्याजवळच उभं करून तिचा फोटो काढला. "झालं आजी," त्या म्हणाल्या. "घर सांभाळा. भाड्याने बिड्याने देऊ नका."

दीपमालाला हसावं की रडावं कळेना. घर वाचलं होतं.

जाता जाता बाई तिच्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही नाशकात भाड्याने वगैरे राहत नाही ना? नवीन योजनेसाठी भाडेकरूंची नावं घेतोय आम्ही. स्वतःचं घर नसलेल्यांची."

हा प्रश्न दीपमालाने किती वर्षं ऐकायची वाट पाहिली होती. आणि तो आला तेव्हा ती येवल्याची भाची होती.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "येवल्याला घर आहे आमचं. स्वतःचं."

"चांगलंय. कोणी ओळखीचं असेल तर सांगा," म्हणून बाईंनी आपला नंबर दिला आणि त्या लताबाईंच्या मजल्यावर उतरल्या.

त्या संध्याकाळी दीपमालाने शिरा केला. संतोषने कितीतरी दिवसांनी गॅलरी सोडून आत बसून चहा घेतला. ठमाबाई दुसऱ्या दिवशी जाणार होती. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आज अमावस्या, देव हलवायचे नाय. मग म्हणाली, मंगळवार करून जाते. आता ती विचारत नव्हती. सकाळी आधी उठून नळ सोडायची, देवपूजा करायची, शेगडीचा चांगला बर्नर स्वतःकडे ठेवायची. मिठाचा डबा तिने खालच्या फळीवर घेतला, कारण वर तिचा हात पुरत नव्हता. दीपमाला भाजीत मीठ घालायला वर हात करायची आणि डबा तिथे नसायचा. दरवेळी तिच्या मनात भीती सरकून जायची, आणि दरवेळी ती स्वतःला समजवायची, म्हातारं माणूस आहे, चार दिवस आराम करू दे.

मंगळवार झाला. दुपारी ठमाबाईने तिला जवळ बसवलं.

"दीपा, तुला एक सांगायचं हाय. राग मानू नको."

"बोला ना."

"पंचवटीतला खोलीवाला खोली मागतोय. सिंहस्थ येतोय, यात्रेकरूंना देणार म्हणे. गोरक्ष दुसरी बघतच होता, मी पण त्याच्या मागं लागले होते. तुझ्या घरावर माझा डोळा नव्हता, देवाची आण." ती थांबली. "पण आता देव बसले गं. मी रोज हात पुढं करते, म्हणते उचलावं. हात धजत नाय. एकदा नदीवरून उठवले, एकदा त्या फळीवरून. आता तिसऱ्यांदा उठवले तर मी मेल्यावर काय तोंड दाखवू सासऱ्याला?"

"मावशी, ते तपासणीसाठी आणले होते."

"तुझ्यासाठी ती तपासणी. देवांना काय ठाऊक?"

दीपमालाच्या अंगाची आग झाली. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की पुरण मी घातलं, कोनाडा मी धुतला, माझी देवी मी पेटीत घातली, आणि तुम्हाला या घरात मालकिणीसारखं वागायला मीच शिकवलं. पण हे सगळं खरं असल्यामुळेच बोलता येईना. आपल्याच हाताने आपण देव बसवले होते. दुसऱ्या कोणाला शिव्या देण्याचीसुद्धा सोय नव्हती.

"गोरक्ष महिन्यानं सामान आणंल," ठमाबाई म्हणाली. ती रडत होती, खरंच रडत होती. "तोवर तुम्ही राहा. भाडं नको मला. वेदिकाच्या शाळेचं बघू आपण."

दीपमाला उठली आणि बाहेर जिन्यात येऊन बसली. पंचवटीचे खोलीवाले सिंहस्थासाठी भाडी वाढवणार, मग आजूबाजूचे वाढवणार, मग इंदिरानगर, मग हे टोक. हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. भांडायला कागद नव्हता. तक्रार करायची तर आधी कबूल करायला हवं, की इथे भाडेकरू राहत होता. मग सील लागेल आणि ठमाबाईचे देव पुन्हा जिन्यात येतील. हा विचार तिच्या मनात आला आणि क्षणभर तिला तो गोड वाटला. मग स्वतःचीच किळस आली.

तिने मोबाइल काढला आणि तपासणीच्या बाईंना फोन लावला. दुसऱ्या कशासाठी नाही, फक्त नावासाठी.

"मॅडम, मी घरकुलातली. ठमाबाईंची भाची. ते भाडेकरूंची नावं घेताय ना?"

"हो हो. कोणाचं लिहायचंय?"

"माझंच."

"तुमचं तर येवल्याला घर आहे म्हणालात."

"दिराचं आहे, मॅडम. आमचं नाही. आम्ही इथंच असतो नाशकात, भाड्यानं."

"बरं," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मग सांगा ना. कुठे राहता, घरमालक कोण? तिथे येऊन फोटो घ्यावा लागेल."

दीपमालाने तोंड उघडलं. मागे दार अर्धं उघडं होतं. आत ठमाबाई वेदिकासाठी पोळी लाटत होती, शाळा सुटायची वेळ झाली होती. हा पत्ता सांगितला तर ठमाबाईचं आणि तिचं, दोघींचंही घर गेलं. न सांगितला तर सांगायला दुसरा पत्ता नव्हता.

"ताई? पत्ता?"

"आत्ता असा नाहीये, मॅडम," ती म्हणाली. "महिन्याभरात होईल बहुतेक."

"मग झाला की फोन करा. घर नसलेल्यांची यादी असली, तरी राहता पत्ता लागतोच. त्याशिवाय नाव चढत नाही."

"बरं," दीपमाला म्हणाली आणि फोन ठेवला. मग ती त्या पायरीवर बसून मोठ्याने रडली, खाली लताबाई ऐकतील याची पर्वा न करता. आतून ठमाबाईने हाक मारली, "दीपा, काय झालं गं? आत ये." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या घरात आत बोलावलं जात होतं, आणि दीपमालाला उठून जावंसं वाटेना.